सगळ्यात फास्ट कोण? वाळवीचं नाव लक्षात ठेवा

मागच्या अंकात कुनोच्या चित्त्यांवर लिहिलं होतं, त्यात "चित्ता हा जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी" असं एक वाक्य होतं, आणि त्या एका वाक्यावरून ठाणे आणि नवी मुंबईतून इतके प्रश्न आले की यावेळचं वाचकांचं सदर अख्खं वेगालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी ऐरोलीला राहते, सातवीत आहे. माझा दादा म्हणतो चित्ता सगळ्यात फास्ट, मी म्हणते ससाणा. आमची पैज लागली आहे. कोण बरोबर?

पैज तू जिंकलीस असं दादाला सांग, पण थांब, पुढचं वाच, कारण तुम्हा दोघांनाही हरवणारं कुणीतरी आहे.

आधी चित्ता. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी बोट्सवानातल्या जंगली चित्त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून त्यांच्या खऱ्याखुऱ्या शिकारी मोजल्या, त्यात सगळ्यात जास्त वेग भरला ताशी ९३ किलोमीटर. आणि बहुतेक शिकारींत तर चित्ता इतका पळतच नाही, ५०-५५ वरच काम भागवतो, त्याची खरी कमाल आहे ती जोरात पळता पळता एकदम ब्रेक मारून वळण्यात, कारण हरीण काही सरळ रेषेत पळत नाही ना. माझ्या मते चित्त्याचं कौतुक वेगापेक्षा या वळण्यासाठी जास्त व्हायला पाहिजे.

ससाणा, म्हणजे बहिरी ससाणा, उंचावरून पंख मिटून सूर मारतो तेव्हा ताशी ३०० च्या वर सहज जातो, एका पाळलेल्या ससाण्याची तर ३८९ ची नोंद आहे. पण हे खाली येताना, गुरुत्वाकर्षणाची मदत घेऊन, हे दादा नक्की म्हणेल, तर तेही मान्य कर. मला ससाण्याच्या वेगापेक्षा त्याच्या डोळ्याचं नवल वाटतं. आपल्याला सेकंदाला साधारण ५०-६० वेळा लुकलुकणारा दिवा सलग पेटलेला दिसतो, ससाण्याला तोच दिवा सेकंदाला १२० च्या वर लुकलुकला तरी लुकलुकताना कळतो. त्या वेगात समोरचा पक्षी त्याला धूसर न दिसता नीट दिसतो तो त्यामुळे. आणि तू तर ऐरोलीची, हिवाळ्यात खाडीवर चिखलपक्ष्यांचे थवे उतरले की त्यांच्या मागे ससाणाही येतो, सगळा थवा एकदम घाबरून उठला की नजर वर टाक, खाली नको.

आता तो तिसरा. अख्खं शरीर कुठून कुठे गेलं हे न बघता शरीराचा एखादा अवयव किती जोरात हलला हे बघितलं तर ससाणाही मागे पडतो. ड्रॅक्युला मुंगी नावाची एक मुंगी आहे, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियात, ती आपल्या जबड्यांची टोकं एकमेकांवर दाबून धरते आणि मग एक जबडा दुसऱ्यावरून सटकवते, त्या सटकणाऱ्या जबड्याचा वेग २०१८ मध्ये मोजला तो सेकंदाला ९० मीटर, म्हणजे ताशी ३२० किलोमीटरच्या वर. दोन वर्षांत तो रेकॉर्डही गेला. तैवानमधल्या एका वाळवीच्या सैनिकाचा वाकडा जबडा सेकंदाला १३२ मीटरपर्यंत जातो असं २०२० मध्ये दिसलं, ताशी पावणेपाचशे किलोमीटर! वाळवीच, आपल्याकडे दाराच्या चौकटी खाते त्याच मोठ्या खानदानातली. का लागतो तिला एवढा वेग, तर वाळवीचं बीळ इतकं अरुंद की शत्रू समोर आला तर हात मागे घेऊन ठोसा मारायला जागाच नाही, मग जागेवर उभं राहून, काही मिलिमीटरमध्ये, एका फटक्यात काम संपवायचं.

अजून एक हिशोब करतात, स्वतःच्या शरीराच्या किती पट अंतर एका सेकंदात कापलं याचा. त्यात चित्ता साधारण १६ पट जातो आणि कॅलिफोर्नियातला तिळाएवढा एक माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातला बारीक जीव, ३२२ पट. दादाला हे पण सांग.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, घोडबंदर रोडला राहतो. मुंगीएवढ्या जिवाचा स्नायू इतकी पॉवर देऊच शकत नाही, गणित जुळत नाही. हे आकडे फुगवलेले तर नाहीत ना?

आकडे खरे आहेत आणि तुमची शंकाही खरी आहे, स्नायूने हे होत नाहीच, आणि तिथेच या सगळ्या विषयाची किल्ली आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्नायूची एक जुनी अडचण आहे, स्नायूंचे अभ्यासक ए. व्ही. हिल यांनी ती १९३८ मध्येच मांडली होती: स्नायू जितक्या वेगात आखडेल तितका त्याचा जोर कमी, आणि जोर पाहिजे असेल तर हळू आखडावं लागतं. दोन्ही एकदम मिळत नाही. मग या छोट्या जीवांनी काय केलं, तर स्नायू आणि हालचाल यांच्यात एक स्प्रिंग आणि एक खटका बसवला. कॅरम खेळताना स्ट्रायकरला नुसतं बोट पुढे ढकलून मारून बघा, जेमतेम सरकतो, आणि तेच बोट अंगठ्याच्या मागे अडकवून, ताण देऊन सोडलं तर सोंगटी पार समोरच्या पॉकेटात. बोट तेच, ताकद तीच, फक्त ती आधी साठवली आणि मग एकदम सोडली. अंगठा म्हणजे खटका. काम जेवढं करायचं तेवढंच, पण ते हजारपट कमी वेळात उरकलं, म्हणजे पॉवर हजारपट, तुमचं गणित इथे जुळतं.

स्प्रिंग कशाची हे प्रत्येकाचं वेगळं. कीटकांत बाहेरचं कडक कवच स्वतःच वाकतं, त्याच्या जोडीला रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रोटीन असतं, टोर्केल वाइस-फॉग यांनी ते १९६० मध्ये शोधलं. पिसू उडी मारते ती या रेझिलिनवर, हे १९६७ पासून माहीत आहे. शॅमेलिऑन सरड्याच्या जिभेत स्प्रिंग आहे ती कोलॅजन नावाच्या चिवट प्रोटीनची, जिभेच्या आतल्या हाडाभोवती एकात एक घातलेल्या नळ्यांसारखी, स्नायू त्या नळ्या दाबून ताणून ठेवतो आणि मग जीभ सुटते, आणि छोट्या जातीच्या शॅमेलिऑनची जीभ मोठ्यांपेक्षा जास्त प्रवेगाने सुटते, गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पटीपर्यंत मोजलेली आहे.

छोट्यांचाच फायदा का, हाही प्रश्न तुमच्या मनात येईल. २०१८ मध्ये यावर एक मोठं काम झालं, त्याचं सार असं की हलवायची वस्तू जितकी हलकी तितकी स्प्रिंग स्नायूपेक्षा वरचढ ठरते, आणि वजन वाढत गेलं की एका मर्यादेनंतर स्प्रिंग लावून काही फायदा उरत नाही, सरळ स्नायूच बरा. म्हणून चित्त्याला खटका नाही आणि मुंगीला आहे. तुमच्या फील्डचं सांगायचं तर हार्वर्डच्या टीमने २०२१ मध्ये याच तत्त्वावर दीड ग्रॅमचा रोबोट बनवला, त्याचा हात हवेत सेकंदाला २६ मीटरने फिरतो. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये फायनल इयरला कुणी असा प्रोजेक्ट घेतला तर मला नक्की कळवा, मनापासून आवडेल वाचायला.

वाशीहून लिहितेय. कोळंबी घेतली की त्यात कधीकधी चपटा, पुढचे हात दुमडलेला, काटेरी प्राणी येतो, आमची कोळीण मावशी तो बाजूला टाकते आणि म्हणते हात नको लावू. हा काय प्रकार?

काकू, मावशींचं ऐका, त्या बरोबर सांगतात. ती मॅंटिस श्रिंप, नावात श्रिंप असलं तरी कोळंबी नव्हे, कवचधारींतलीच पण वेगळ्या गटातली. मुंबईच्या ट्रॉलरच्या जाळ्यात ती भरपूर येते. तिचे ते दुमडलेले हात म्हणजे शस्त्रं आहेत.

यांच्यात दोन प्रकार. तुमच्या टोपलीतली आहे ती भालेवाली, चिखलात बीळ करून दबा धरणारी, हाताला काटे, मासा जवळून गेला की भोसकते. दुसरी हातोडेवाली, तिच्या हाताच्या कोपराला फुगीर गदा असते, ती शिंपले आणि गोगलगायी फोडून खाते. गंमत म्हणजे मऊ आणि पळणारं भक्ष्य खाणाऱ्या भालेवाल्या हळू निघाल्या, सेकंदाला २ ते ६ मीटर, आणि जागचं न हलणारे शिंपले फोडणारी हातोडेवाली कितीतरी जोरात, २३ मीटरपर्यंत, म्हणजे पाण्याखाली ताशी ८० किलोमीटर. हातोडेवालीचा वेग शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजला, भालेवालीचा २०१२ मध्ये. आधी मला हे उलट असायला हवं होतं असं वाटलं, पण विचार केला की पटतं, मासा पकडायला नेम आणि पोच पाहिजे, शिंपला फोडायला मात्र निव्वळ तडाखा.

त्या हातोडेवालीच्या हातात घोड्याच्या खोगिरासारखी वाकलेली एक कवचाची पट्टी आहे, तीच स्प्रिंग. आणि फटका इतक्या वेगात जातो की हात आणि शिंपला यांच्यामधल्या पाण्याचा दाब एकदम पडून तिथे वाफेचे बुडबुडे होतात, ते क्षणात कोसळतात, आणि त्या कोसळण्याचा दुसरा तडाखा शिंपल्याला बसतो. म्हणजे एका ठोशात दोन मार. पहिला मार दीड हजार न्यूटनपर्यंत गेलेला आहे, हे माणसाच्या तळहाताएवढ्या प्राण्याबद्दल चाललंय! बरं, असे ठोसे मारून तिची स्वतःची गदा फुटत नाही का, तर गदेच्या आत तंतूंचे थर प्रत्येक थराला थोडे थोडे फिरवून रचलेले असतात, तडा गेला तर तो सरळ आरपार न जाता वळणावळणाने जिरतो. आणि कात टाकली की गदा नवी.

याच निमित्ताने तिच्या एका लांबच्या नातेवाइकाबद्दल, पिस्तूल कोळंबीबद्दल सांगते, ती खडकाळ किनाऱ्यावर आणि खारफुटीच्या चिखलातही राहते. तिचा एक पंजा दुसऱ्याच्या मानाने अवाढव्य असतो, तो मिटला की पाण्याचा फवारा सेकंदाला २५ मीटरने सुटतो, मागे बुडबुडा होतो आणि तो फुटल्याचा टक्क आवाज येतो. पंजा आपटल्याचा तो आवाज नाहीच, हे २००० सालापर्यंत नक्की माहीत नव्हतं. बुडबुडा कोसळताना आतलं तापमान ५,००० केल्व्हिनच्या वर जातं, जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाएवढं, आणि एक उजेडाची ठिणगी पडते, फक्त ती इतकी क्षणिक आणि मंद की आपल्या डोळ्याला दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात या कोळंब्यांच्या कलकलाटामुळे पाणबुड्या ऐकायच्या यंत्रांना त्रास झाला म्हणून अमेरिकी नौदलाला त्यांचा अभ्यास करावा लागला होता.

नौपाड्यात जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. झुरळ मारायला चप्पल उचलली की ते गेलंच. माशीचंही तेच. वयामुळे माझाच हात मंदावला की ते खरंच इतके फास्ट?

काका, हात कुणाचाही असला तरी हेच होतं. डोळ्यांनी बघून हात हलवायला तरुण माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. झुरळाच्या शेपटाशी दोन बारीक शिंगं असतात, त्यावर केस, चप्पल पोचण्याआधी तिने ढकललेली हवा त्या केसांना लागते आणि झुरळ त्या झुळकेच्या उलट दिशेला वळून सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात पळायला लागतं. त्यापुढे सेकंदाला दीड मीटर, आणि फुल स्पीडला तर अमेरिकन झुरळ पुढचे पाय उचलून चक्क मागच्या दोन पायांवर पळतं, हे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात कॅमेऱ्यात पकडलंय.

माशीबद्दल एक कामाची टीप. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या ग्वेनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी २००८ मध्ये दाखवलं की फळमाशी उडायच्या आधीच, धोका कुठून येतोय ते बघून, पाय त्या हिशोबाने मांडून ठेवते, म्हणजे उडेल ती धोक्यापासून लांबच्या बाजूला. म्हणून माशी बसली आहे तिथे मारू नका, ती उडून जिथे जाईल तिथे, थोडं पुढे मारा.

डासांबद्दल खूप जणांनी विचारलंय त्याचं थोडक्यात: डासाचे पंख सेकंदाला काही शे वेळा हलतात, तीच ती कानाशी येणारी गुणगुण. प्रत्येक फडफडीला मेंदूचा वेगळा हुकूम लागत नाही, छातीचा डबाच लयीत थरथरत राहतो.

आम्ही नेरूळचे. पावसाळ्यात जुहूला मुलाने निळ्या फुग्यासारखं काहीतरी उचललं आणि हात भाजल्यासारखा झाला. ते मेलेलं होतं असं लोक म्हणाले. मेलेलं कसं डसेल?

डसतं, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं म्हणून जरा जोर देऊन लिहिते. ते ब्लू बॉटल, जेलीफिशच्या नात्यातले समुद्री जीव, पावसाळ्यात वाऱ्याने मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांच्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म डंखपेशी असतात, प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ सुई, आणि आतला दाब वातावरणाच्या दीडशे पटीच्या आसपास. स्पर्श झाला की झाकण उघडतं आणि सुई बाहेर. याला मेंदू लागत नाही, प्राणी जिवंत असायचीही गरज नाही, दाब आधीच भरून ठेवलेला असतो.

आणि वेग? गोड्या पाण्यातला हायड्रा हा याच मोठ्या गटातला, त्याच्या डंखपेशीवर २००६ मध्ये मोजमाप झालं, सुई सुटायला लागले ७०० नॅनोसेकंद, म्हणजे एका मिलिसेकंदापेक्षाही हजारपटीहून कमी, आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटीहून जास्त. प्राण्यांच्या जगात याच्या जवळपास जाणाऱ्या गोष्टी फार थोड्या. मुलाला आता बरं असेल अशी आशा. पुढे कधी झालं तर चोळू नका, चिकटलेले धागे उघड्या हाताने काढू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दुखणं वाढलं किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच डॉक्टर. वाळूत सुकून पडलेलाही हात लावायचा नाही.

येऊरला पावसात फिरताना गवताच्या काड्यांवर थुंकीसारखा फेस दिसतो. मुलं म्हणतात ती सापाची थुंकी. खरं काय?

साप नाही हो, त्या फेसात एक कीटकाचं पिल्लू बसलेलं असतं, झाडाचा रस पितं आणि त्याचाच फेस करून त्यात लपतं, ऊन आणि शत्रू दोन्हीपासून. हळूच काडीने फेस बाजूला केलात तर दिसेल, पण परत झाकून ठेवा. हेच पिल्लू मोठं झालं की उड्या मारणाऱ्यांत पहिल्या नंबरात. माल्कम बरोज यांनी २००३ मध्ये युरोपातल्या अशा एका ६ मिलिमीटरच्या कीटकाची उडी मोजली, ७० सेंटिमीटर उंच, आणि जमीन सोडताना गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट प्रवेग. रॉकेटमध्ये बसलेल्या अंतराळवीराला ५ पट सुद्धा जड जातं.

भातशेतीवाल्या वाचकांना तुडतुडे माहीतच आहेत, त्यांच्या युरोपातल्या एका भाऊबंदाची गोष्ट मला यातली सगळ्यात आवडती. इतक्या जोरात उडायचं तर दोन्ही मागचे पाय एकदम सुटले पाहिजेत, एक जरा मागे राहिला तर उडी गरगरत वाकडी जाणार, आणि नसांतून येणारा निरोप एवढा बिनचूक नसतोच. म्हणून त्याच्या पिल्लाच्या दोन्ही मांड्यांच्या मुळाशी खरेखुरे दात आहेत, गिअरचे, एकमेकांत अडकणारे, दहा-बारा दात एकेका बाजूला! दोन्ही पाय ३० मायक्रोसेकंदांच्या आत एकत्र सुटतात. २०१३ मध्ये बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी हे छापलं. मोठं झाल्यावर मात्र हे गिअर जातात, बहुधा एखादा दात तुटला तर पिल्लू कात टाकून नवा मिळवतं, मोठ्याला ती सोय नाही.

कळव्याहून. खाडीच्या चिखलात निवट्या जवळ गेलं की टुणकन गायब होतात. मासा असून एवढी चपळाई?

मासा आहे म्हणूनच. जवळजवळ सगळ्या माशांत एक पळण्याची ठरलेली तऱ्हा असते, अंग इंग्रजी सी सारखं वाकवायचं आणि झटक्यात सरळ करायचं. त्याचा हुकूम देणाऱ्या माउथनर नावाच्या दोन मोठ्या नसपेशी डोक्यात असतात, डावी-उजवी एकेक, ज्या बाजूने धोका तिकडची पेटली की मासा उलट्या बाजूला वळतो, सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात. विचार करायला वेळच नाही, आणि इथेच एका सापाने डाव टाकलाय. आग्नेय आशियात नाकावर दोन मिशा असलेला पाण्यातला साप आहे, तो इंग्रजी जे अक्षरासारखा वाकून बसतो, मासा त्या वळणात आला की मानेच्या बाजूने मुद्दाम हलकेच हलतो, मासा तिकडून दूर पळायला म्हणून वळतो आणि सरळ सापाच्या तोंडाकडे येतो. केनेथ कॅटानिया यांनी २००९ मध्ये दाखवलं की साप माशाचं डोकं आत्ता कुठे आहे ते बघत नाही, ते पुढच्या क्षणी कुठे असेल तिथे झेप घेतो. या सापाच्या कुळातले साप आपल्या खाडीतही आहेत, पण ही युक्ती त्या मिशीवाल्याचीच बघितली गेली आहे. निवट्या बघायच्या तर ओहोटीला लांबूनच बघा, चिखलात उतरून त्यांची बिळं तुडवू नका, विणीच्या दिवसांत त्यांची अंडी आत असतात.

क्विझमध्ये सगळ्यात वेगवान मासा सेलफिश, ताशी ११० किमी असं उत्तर दिलं. ते बरोबर धरलं. बरोबर आहे?

नाही. तो आकडा फार जुना आणि कच्चा आहे. अलीकडे खऱ्या शिकारीत मोजलं तर सेलफिश सेकंदाला ८-१० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३०-३५ किलोमीटर. सेकंदाला १०-१५ मीटरच्या वर गेलं की शेपटीभोवती बुडबुडे होऊन शेपटीलाच इजा होते, म्हणून माशांना ११० जमणं कठीणच. ठाण्यातल्या क्विझवाल्यांनी हे उत्तर आता यादीतून काढावं.

खारघरहून. माझ्या फोनमध्ये स्लो मोशन २४० फ्रेमचं आहे. यातलं काय शूट करता येईल?

२४० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंद. त्यात फेसातल्या किड्याची उडी एक मिलिसेकंदाची, ती मधल्यामधे निसटेल, आधी बसलेला आणि नंतर रिकामं पान एवढंच येईल. जबडे आपटणाऱ्या मुंग्यांना तर प्रयोगशाळेत सेकंदाला ५०,००० फ्रेमचे कॅमेरे लावले होते. पण माशीचं उडणं, ट्यूबलाइटजवळच्या पालीचं किडा धरणं, निवट्यांची उडी, प्रार्थना कीटकाचा झडप घालणारा हात, हे सगळं छान येईल, प्रार्थना कीटकाला ५० ते ७० मिलिसेकंद लागतात म्हणजे तुला १२-१६ फ्रेम मिळतील. उजेड भरपूर घे, सकाळचं ऊन सगळ्यात चांगलं, घरातल्या एलईडी दिव्याखाली व्हिडिओ लुकलुकतो. फोन हातात न धरता कशाला तरी टेकव, आणि जनावराच्या मागे धावू नकोस, ते बसलेलं असताना आधीच फ्रेम लावून रेकॉर्डिंग चालू ठेव.